फिशेलच्या पेन्सिलीच्या खुणा

झुंडेल बुकबाइंडरच्या पायाला भिंगरी होती. जेरुसलेमच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की मुद्दा जिंकला की हा गडी बाकावरून उठणार आणि अभ्यासघरात येरझाऱ्या घालणार. अभ्यासातला जोडीदार फिशेल वैतागायचा. "दोघं तोराची पोथी घेऊन बसले की मधे देवाची शेखिना, त्याचं सान्निध्य, येऊन बसते म्हणतात. तू उठलास की तिनं काय नुसतं माझं थोबाड बघायचं?"

एकतीस वर्षं दोघे रोज सकाळी तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ओळीओळीवर भांडले. मग हिवाळ्यात फिशेल गेला.

आता जोडीला मेनाशे होता, पोस्टातून निवृत्त झालेला. माणूस म्हणजे गरीब गाय. झुंडेल काहीही म्हणो, याचं उत्तर ठरलेलं, "बरोबर आहे, रेब झुंडेल." झुंडेलनं मुद्दाम कालच्या उलट बोलून पाहिलं. तेही बरोबर निघालं.

झुंडेलचा जीव थाऱ्यावर राहीना. बाकावरची मधली जागा त्याला ओसाड वाटे. एका सकाळी तर तो पवित्र ग्रंथ उघडाच टाकून बाहेर पडला. असं तिथं कुणी करत नाही, ग्रंथ मिटून मगच पाठ फिरवायची. कोपऱ्यावर हे ध्यानात आलं आणि तो घाबरला. असंच चाललं तर अभ्यास सुटणार होता, आणि त्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

दुपारी फिशेलची बायको ब्रायना नवऱ्याचा ग्रंथ घेऊन दुकानात आली.

"भावजी, पाठ निखळलीय, बांधून द्या. तुमचं कडाक्याचं भांडण झालं की हे दोन पोळ्या जास्त खायचे बघा."

ती गेल्यावर झुंडेलनं शिवण उसवली. जिथं दोघे थांबले होते त्याच्या पुढच्या पानांवरही समासात पेन्सिल होती. लबाड घरी पुढचं वाचून यायचा! 'इथं झुंडेल अडेल.' 'इथं आवाज चढवेल, चढवू दे.' आणि तीन पानांनंतर: 'इथं झुंडेलचंच खरं. पण कबूल करायचं नाही. कबूल केलं की तो उठतो, आणि शेखिना नि मी दोघंच उरतो.'

झुंडेल उभ्याउभ्या रडला.

सकाळी त्यानं तो ग्रंथ मेनाशेपुढे ठेवला. "समासातलंही वाच. आणि मी काहीही म्हटलं तरी कबूल करू नकोस."

मेनाशेनं ते तीनदा वाचलं, मग हळूच म्हणाला, "रेब झुंडेल, मला नाही पटत."

झुंडेल दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसून राहिला.