ऊर्कादचा बेर्नार

लासेर हे आडनाव मुळात माणसाचं नव्हतंच. ते घराचं नाव. आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या धारेवर पाटीच्या दगडांनी शाकारलेलं एक घर आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला, आमच्या बेआर्नच्या बोलीत धारेला 'सेर' म्हणतात, म्हणून ते घर लासेर झालं, आणि त्यात जन्मलेली, लग्न होऊन आलेली, राबायला राहिलेली सगळी माणसं लासेरची झाली. तसंच खाली, जिथे वाट फुटते तिथलं घर ऊर्काद. गावात घरं सव्वीस आणि नावंही सव्वीस. माणसं येत, जात, मरत. घर जागचं हलत नसे, त्यामुळे कोण कुठला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

घोळ घातला तो कागदाने. सरकारी नोंदवहीला घर कळत नाही, तिला फक्त बाप कळतो. बापाचं आडनाव मुलाला, आणि त्याचं त्याच्या मुलाला. आता आमच्याकडे रीत अशी की थोरल्या अपत्याला, मग तो मुलगा असो की मुलगी, सगळं घर मिळतं. धाकट्यांनी एक तर दुसऱ्या घरात लग्न करून जायचं, नाहीतर बोर्दोच्या बंदरात बोटीत बसून ब्युनोस आयरिस गाठायचं. लासेरची तीन पोरं अशीच गेली. एकाने तिकडे पावाची भट्टी घातली, दोघांनी मेंढ्या पाळल्या, आणि लासेर हे आडनाव अशा सपाट मुलुखात पसरलं की जिथे डोंगर औषधालाही सापडत नाही. चौथा सिप्रियां मात्र बोटीत बसला नाही. तो अर्धा मैल उतरून खाली ऊर्कादमध्ये आला.

कारण तिथे ग्रासियेत होती. ऊर्कादची एकुलती वारस. ठेंगणी, रुंद हाडाची, आणि तोंडाची अशी फटकळ की फेरीवाले तिच्या दारात माल उघडण्याआधीच खरा भाव सांगून टाकत. सिप्रियां लग्नात एक ओकचं कपाट आणि दोन गाई घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवसापासून सिप्रियां ऊर्काद झाला. त्याच्या सोबत्यांनी बरेच दिवस त्याला छळलं. "काय रे, नांदवतात ना नीट? सासूबाई जेवायला घालतात ना पोटभर?" तो हसून घ्यायचा. स्वभावाने गरीब. घर तिचं, जमीन तिची, नाव तिचं, थडगंसुद्धा तिच्याच घराचं. या माणसाने आयुष्यात बायकोकडे एकच गोष्ट मागितली.

मुलगा झाला तेव्हा तो पलंगाशी उभा राहून टोपी हातात चुरगाळत होता.

"ग्रासियेत, एक मागू?"

"माग की. घर मागू नकोस म्हणजे झालं."

"याला माझ्या बापाचं नाव देऊ या. बेर्नार."

"अरे, तुझ्या भावाने गेल्याच वर्षी आपल्या पोराला तेच नाव दिलंय!"

"दिलंय. पण मला माझं असं काहीतरी..."

तिला त्याची दया आली. ती म्हणाली, "बरं, असू दे. तो बेर्नार लासेर, हा बेर्नार ऊर्काद. कोण घोटाळा करणार आहे?" मेयरच्या कचेरीत कारकुनाने नोंदवहीत बापाच्या आडनावाने 'लासेर, बेर्नार' असं लिहिलं, आणि तिने खाली फुली मारली. तिला लिहिता येत नव्हतं. आलं असतं तरी त्या कागदाकडे तिने लक्ष दिलं नसतं. कागद हा कचेरीत राहणारा प्राणी, गावात त्याचं काय काम?

पोरं दोघं एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढली. एका सुरीने चेस्टनट सोलायची, एकाच नदीत चोरून मासे पकडायची. सिप्रियां १९०९ साली रानात बीचचं झाड अंगावर पडून गेला आणि ऊर्कादच्या थडग्यात पुरला गेला. मग ग्रासियेतला तो एक मुलगाच काय तो राहिला. आणि १९१४च्या ऑगस्टमध्ये दोन्ही बेर्नार एकाच दिवशी, एकाच पलटणीत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लढाईवर गेले.

त्या वर्षांत आमच्या गावातल्या बायका मेयरच्या टोपीला भीत. तो बिचारा एरवी सगळ्यांसारखी चपटी बेरे टोपी घालायचा. काळी ताठ टोपी घालून निघाला की समजायचं, कुणाच्या तरी घरी कागद चालला आहे. १९१५च्या जूनमध्ये ग्रासियेत गवत उलटत होती तेव्हा तिला ती टोपी रस्त्यावर दिसली. टोपी चढण चढून तिच्या दारापुढे, वाट फुटते तिथे आली आणि थांबली. मेयरने रुमालाने मान पुसली. तिच्याकडे पाहणं टाळलं. आणि तो वरच्या वाटेला लागला, लासेरकडे.

ग्रासियेत होती तिथे गवतात गुडघ्यांवर बसली. "देवा, तुझे उपकार," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. मग दाताळं टाकून, मेयरच्या मागोमाग धावत वर गेली.

मेयरचं चुकलं कुठे, हे मी सांगायला नको. त्याच्या हातातल्या कागदावर 'लासेर, बेर्नार' होतं. याच गावात जन्मलेला, सगळं आयुष्य घरांच्या नावांनी माणसं ओळखत आलेला तो मनुष्य. लासेर म्हटल्यावर त्याचे पाय आपोआप धारेकडेच वळणार. त्याच कागदावर जन्मसाल होतं. ते त्याने पाहिलं नाही. लासेरच्या ओनोरीनला, म्हणजे ग्रासियेतच्या थोरल्या जावेला, वाचता येत नव्हतं, आणि तिचा नवरा ज्युस्तां याला त्या दिवशी ते वाचवलं नाही. कागद कपाटात गेला.

आमच्याकडे प्रत्येक घराला एक 'पहिला शेजारी' असतो. तो नात्याचा असो नसो, त्या घरी माणूस गेलं की सगळं त्यानेच पाहायचं. चूल त्याने पेटवायची, पाद्र्याला त्याने सांगायचं, सुतकी टोपडी त्याने शिवायची, चर्चला जाताना मेणबत्ती घेऊन त्याने पुढे चालायचं. घरच्यांनी फक्त रडायचं. लासेरचा पहिला शेजारी ऊर्काद. तेव्हा ग्रासियेतने सगळं केलं. कोबी आणि घेवड्याचं सूप मोठ्या हंड्यात चढवलं. काळं कापड बेतलं. मृतासाठीच्या प्रार्थनेत, म्हणजे मासमध्ये, वेदीवरून पाद्र्याने "लासेर घरचा बेर्नार" असं म्हटलं तेव्हा ती पेटती मेणबत्ती घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी होती, आणि तिने हात जराही हलू दिला नाही. लोकांनी नंतर तिचं कौतुक केलं. म्हणाले, पहिला शेजारी असावा तर असा.



सात आठवडे ती रोज वर गेली. ओनोरीनला वेणी घालायची, जबरदस्तीने दोन घास खायला लावायची, तिच्या कोंबड्या कोंडायची. मनातून तिला स्वतःची लाज वाटत होती, कारण धारेवरून परत उतरताना तिचे पाय हलके पडत. घरी आली की ती मुलासाठी पुडकी बांधायची. त्याचं पत्र मे महिन्यापासून नव्हतं. भाऊ गेला म्हणून मन लागत नसेल त्याचं, अशी ती स्वतःची समजूत घाली.

एकदा ओनोरीन तिला बोललीच. "तुझ्या बेर्नारने मला दोन ओळी तरी लिहायच्या होत्या, ग्रासियेत. एवढा जिवाभावाचा भाऊ गेला, आणि काकूला एक चिठ्ठी नाही?"

"घरी येऊ दे मेल्याला," ग्रासियेत म्हणाली. "कान धरून तुझ्या पायाशी आणते त्याला."

ऑगस्टमध्ये लासेरला एक कार्ड आलं, जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून. शाळामास्तरने ते वाचून दाखवलं. 'मी जिवंत आहे, पायाला लागलं होतं, आता बरं आहे. बेर्नार माझ्या शेजारीच पडला. ग्रासियेतकाकूला एव्हाना कळलंच असेल. तिची काळजी घ्या.'

ज्युस्तां म्हणाला, "मेयरला पाठवू. चूक त्याची आहे." ओनोरीन म्हणाली, "ऊर्कादचा पहिला शेजारी कोण? आपणच ना?" आणि ती काळ्या टोपड्यातच एकटी खाली आली.

ग्रासियेत अंगणात बाकावर पुडकं बांधत होती. सुकवलेलं सॉसेज, लोकरी मोजे, तंबाखू.

"बरं झालं आलीस. जरा बोट धर या गाठीवर, सुटतेय सारखी."

ओनोरीनने बोट धरलं. ग्रासियेतने सुतळीची दुसरी गाठ आवळली.

"नको पाठवूस हे," ओनोरीन म्हणाली.

"का? टपाल बंद झालं की काय?"

"ग्रासियेत, माझा जिवंत आहे. कार्ड आलंय त्याच्या हातचं."

"जिवंत? अगं मग रडतेस काय, वेडे!" ग्रासियेतने तिला मिठीच मारली, पाठीवर थापा मारल्या, मोकळेपणाने खरोखर हसली. "टाक ते टोपडं! त्या मेयरला मी बघते चांगली. जिवंत माणसाचा मास घातला आपण! पण मग तो कागद..."

ती थांबली. ओनोरीनचं बोट अजून सुतळीत अडकलेलं होतं आणि ते सोडवायचा प्रयत्नही ती करत नव्हती.

"तो कागद कुणाचा होता, ओनोरीन?"

ओनोरीनने मोकळ्या हाताने ते पुडकं तिच्या पुढ्यातून ओढून घेतलं.

ग्रासियेत बाकावर बसली. रडली नाही. म्हणाली, "मेयर वर वळला ना, तेव्हा मी त्या गवतात गुडघे टेकले होते. देवाचे उपकार मानले होते, तुझं पोर गेलं म्हणून."

"मला वाटलंच होतं."

"कशावरून?"

"आज सकाळी मीही टेकले," ओनोरीन म्हणाली.

दोघी एकमेकींचा हात धरून तिथेच बसल्या. मग ओनोरीन उठली, आत गेली आणि तिने चूल पेटवली.

पाद्री चांगला होता, पण त्याला वाटलं, बेर्नार लासेरचा मास एकदा झाला आहे, कोणता बेर्नार हे देवाला कळतंच. ग्रासियेतने ऐकून घेतलं नाही. "देवाला कळत असेल, गावाला कळू दे. माझ्या घरासाठी घंटा वाजलेली नाही." पुन्हा मास झाला, ऊर्कादच्या नावाने. या खेपेला मेणबत्ती ओनोरीनच्या हातात होती.

लढाई संपली. धारेवरचा बेर्नार लंगडत परत आला. लासेरचा वारस तो, त्याने तिथेच नांदायचं. पण त्याला गाव सोसवेना. वाटेत भेटणारी म्हातारी माणसं त्याच्याकडे पाहून नकळत छातीवर क्रूस काढत. काकूच्या दारावरून गेल्याशिवाय त्याला खाली उतरता येत नसे. ती त्याला हाक मारून बसवायची, सूप वाढायची, आणि तो जेवताना त्याच्या हातांकडे बघत राहायची. शेवटी तोही काकांसारखा बोटीत बसला. आज तिकडून लासेर आडनावाची पोरं पत्रं लिहितात, आमचं मूळ घर कोणतं म्हणून विचारतात. धारेवरचं, असं आम्ही कळवतो. ऊर्काद आडनावाचं कुणी विचारत नाही. ते कुठे गेलंच नाही, ग्रासियेतबरोबर संपलं.

धारेवरचा बेर्नार जाण्याआधी, १९२१च्या नोव्हेंबरात, चर्चसमोर हुतात्म्यांचा दगड उभा राहिला. त्याआधी ग्रासियेत मेयरकडे गेली होती.

"दगडावर ऊर्काद लिहा."

"यादी वरून आलीये, ग्रासियेत. कागदावर जे नाव तेच कोरायचं, असा हुकूम आहे. ऊर्काद आडनावाचा शिपाई पलटणीत कुणी नव्हताच."

"मग मी बावीस वर्षं कुणाला वाढवलं?"

मेयरने मान खाली घातली. गेली सहा वर्षं तो या बाईपुढे मान खालीच घालत आला होता. पण दगडावर अक्षरं आधीच कोरून झाली होती.

अनावरणाला सगळं गाव जमलं. मेयर एकेक नाव वाचायचा आणि शाळेतली मुलं एका सुरात म्हणायची, "फ्रान्ससाठी मेला." नाव वाचलं की माणसं सवयीने त्या त्या घरच्यांकडे वळून बघत. आई पुढे होई, दगडाशी एक फूल ठेवी.

"लासेर, बेर्नार."

सगळ्या माना ओनोरीनकडे वळल्या. सगळं माहीत असूनही वळल्या. आमच्या लोकांच्या मानाच तशा आहेत. तिचा मुलगा तिच्या शेजारी उभा होता. पांढराफटक पडला होता, आणि मुलं त्याच्याच नावावर "फ्रान्ससाठी मेला" म्हणत होती.

मागच्या रांगेतून ग्रासियेत लोकांना कोपरांनी बाजूला सारत पुढे आली. तिने दगडाकडे बघितलं नाही. तिला कुठे वाचता येत होतं?

"तो माझा आहे," ती म्हणाली. "माझा."

मेयर थांबला. मग त्याने पुढचं नाव वाचलं.