पेनड्राइव्ह ओढू नका

दुकानातला कचरा रोज काढला जातो, किस्से मात्र साचतातच. मी आणि माझा भागीदार नंदू रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आमचे निम्मे किस्से एकाच चुकीचे. स्क्रीनवर ‘कॉपी झाली’ दिसलं की लोक पेनड्राइव्ह ओढून काढतात!

नंदू न कंटाळता समजावतो. वेटरने ऑर्डर ऐकली म्हणजे ती स्वयंपाकघरात पोचली असं नाही. कॉम्प्युटरसुद्धा फाइल आधी मेमरीत ठेवतो आणि मग सवडीने डिस्कवर लिहितो. तेवढ्यात घाई केली की गेली फाइल.

*

पालीचा एक फोटोग्राफर बाहेर बाइक चालू ठेवूनच आला. त्याच्या कार्डातून आम्ही काढून दिलेले लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले, तो ओढला आणि पळाला. नवरीच्या घरी हळदीचे फोटो उघडले, पुढचा एकही उघडेना. मूळ फोटो आमच्याकडे होते म्हणून बरं. संध्याकाळी नवरीच्या आईचाच फोन आला, “लग्न लागलं की नाही, ते तुम्हीच सांगा आता!”

*

पोफळीच्या वीजघरातून रिटायर झालेले एक साहेब याच्या अगदी उलट. ‘आता काढा’ असं स्क्रीनने सांगितलं तरी हात लावत नाहीत. “पाण्याचं गेट बंद केलं तरी टर्बाइन जरा फिरतंच,” म्हणतात आणि चहा मागवतात. मला ते फार आवडतात.

*

आणि पूर्णगडच्या काकू. काका गेल्यानंतरचा पहिला गणपती जवळ आला होता. काकांनी म्हटलेल्या आरतीचं काकूंनी केलेलं एकच रेकॉर्डिंग होतं, तेही जुनाट पेनड्राइव्हवर. काकूंना ते घरी लावायचं होतं.

नंदूने फाइल उघडली, आरती सुरू झाली आणि पेनड्राइव्हने मान टाकली. आवाज मात्र चालूच होता, कारण तोवर अख्खी फाइल मेमरीत आली होती. म्हणजे काकांचा आवाज आता फक्त तिथेच उरला होता. नंदू तो नव्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला लागला आणि लाइट गेली.

यूपीएस ओरडायला लागला. त्याची बॅटरी थकलेली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. काकूंनी पदर मुठीत धरला. ‘कॉपी झाली’ दिसताच माझा हात पुढे गेला, तो नंदूने धरला.

“थांब. अजून लिहितोय.”

आम्ही तिघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. मला खरंच भीती वाटत होती. अखेर ‘आता काढा’ आलं आणि नंदूने श्वास सोडला. काका मेमरीतून अजून गातच होते. आरती संपली, आणि मागोमाग त्यांचं बोलणं ऐकू आलं, “बंद केलंस काय गो?”

काकू स्पीकरजवळ सरकल्या.

“नाय ओ,” त्या हळूच म्हणाल्या. “चालूच हाय. तुम्ही बोला.”