निळं पॅड

"अर्थ कळला, सेन्सेई. खरा अर्थ काय?" असं विचारून आमच्या शेजारचे जपानी आजोबा पेन्सिल कानामागे अडकवायचे आणि मी उत्तर देईपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत.

सेन्सेई म्हणजे शिक्षिका. आता मी कसली डोंबलाची सेन्सेई? पुण्याची बी.कॉम., नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागून टोकियोतल्या हिगाशी-कसाईत आलेली. आजोबांना इंग्रजी शिकायचं होतं, मला वेळ जात नव्हता. पण हॉटेलात जेवण कसं मागवावं, असले धडे त्यांना नकोत. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते उशीएवढा ग्रंथ घेऊन आले. अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या समानतेचे सगळे मूळ कागद त्यात: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, गुलामांच्या मुक्तीचा हुकूम, घटनादुरुस्त्या, कोर्टाचे निकाल. जाहीरनाम्यात सगळी माणसं समान आणि लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम, हे कळल्यावर आजोबा दोन दिवस माझ्यावरच रुसले. जशी काही सही मीच केली होती.

आमच्या इमारतीत सूचनांचं एक पॅड घरोघर फिरायचं, आपण परीक्षेला न्यायचो तसलं. वाचायचं, नावापुढे शिक्का मारायचा, शेजारी द्यायचं. जपानी घरांचं तपकिरी, आम्हा भारतीयांचं निळं. निळं आजोबांनी स्वतः केलेलं. सगळं इंग्रजीत, कचऱ्याच्या प्रत्येक प्रकाराचं चित्र, कोपऱ्यात कमळ. आम्हाला त्याचं कोण कौतुक!

मग उन्हाळ्यातली जत्रा आली. मुलांच्या पालखीत माझ्या पाच वर्षांच्या लेकीला जायचं होतं, बालवाडीतल्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या. नाव द्यायला गेले, तर यादी बंद. सूचना म्हणे तपकिरी पॅडवर होती. लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबांना विचारलं, तर ते अगदी प्रेमाने म्हणाले, सभा, जत्रा, साफसफाई हे सगळं आपण निळ्यातून गाळतो, परक्या देशात तुम्हाला उगाच त्रास नको. अस्सं डोकं फिरलं माझं!

नेमका त्या आठवड्यात धडा होता शाळांच्या खटल्याचा. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवलं की ती समानता उरतच नाही, असा निकाल. आजोबा मोठ्याने वाचत होते, मान डोलावत होते. मी निळं पॅड त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"अर्थ कळला, आजोबा. खरा अर्थ काय?"

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून खाली ठेवली. मग उठले आणि माझ्यासमोर कमरेत वाकले. मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तपकिरी पॅड आमच्या दारात. त्यांच्या नावाखाली आमचं नाव, त्यांच्याच अक्षरात. पालखीच्या यादीत लेकीचं नाव त्यांनी भांडून घालून घेतलं होतं. आणि त्याखाली, रविवारी सकाळी सहाला इमारतीसमोरच्या गटाराची सफाई, प्रत्येक घराने आपापला वाटा.

"समानता तूच मागितलीस ना?" नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला आणि परत झोपला. आजोबा मात्र रबरी बूट घालून दाराशी हजर. पुढची तीन वर्षं आम्ही शेजारी शेजारी गटार घासत अमेरिकेची घटना वाचली.

चौथ्या हिवाळ्यात आजोबा गेले. नंतर पॅड आलं, तेव्हा त्यांच्या नावावर अजून कुणी रेघ मारली नव्हती. शिक्क्याचा चौकोन कोरा होता. रविवारी मी माझा वाटा घासला आणि त्यांच्या वाट्याकडे वळले, तर तिथे नवरा आधीच उकिडवा बसला होता, त्यांचे रबरी बूट घालून.