गिनतीभाऊ आणि बर्फातले अकरा जण

गिनतीभाऊंना भीती वाटायची, आणि वाटते असं ते चारचौघांत सांगायचे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात यातली पहिली गोष्ट सगळ्यांकडे असते, दुसरी कुणाकडेच नसते. पायावरून साप गेला तरी इथला माणूस 'धामण होती' म्हणतो, आणि बांधावर वाघाचा पंजा उमटलेला दिसला तरी 'कुत्र्याचा असन' म्हणून पुन्हा निंदणाला वाकतो. गिनतीभाऊ मात्र आर्णीच्या स्टँडवर, दहा ड्रायव्हर खर्रा चघळत उभे असताना मोठ्यानं म्हणायचे, "मले भेव वाटून राह्यलं बाप्पा. आज नाही नेत मी गाडी." मग जे हसू उठायचं ते शांतपणे ऐकून घ्यायचे. "हसा," म्हणायचे, "भेव म्हणजे घरचं कुत्रं आहे. भुंकलं त उठून पाहा लागते. गोटा नाही मारत त्याले."

त्यांची काळीपिवळी जीप होती. मी आर्णीत राहायची आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. रोजचं अप-डाऊन. सकाळी एसटी मिळायची, संध्याकाळी मात्र फाट्यावर भाऊंची गाडी. काळीपिवळीचा एकच नियम असतो, सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. तेवढा वेळ मी पुढच्या सीटवर बसून वह्या तपासायची आणि मनातल्या मनात घरी पोचायची, कारण घरी सासूबाईंपाशी माझी पाच वर्षांची सई असायची.

भाऊ आधी असे नव्हते, हे मला मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या याडीनं सांगितलं. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. तांड्यावरच्या त्या बाईला सगळा रस्ता याडीच म्हणायचा. तिच्या म्हणण्याप्रमाणे भाऊ पूर्वी नऊच्या गाडीत सतरा कोंबायचे, दोन पोरं टपावर बसवायचे आणि वळणावर हॉर्नही वाजवायचे नाहीत. त्यांना बिघडवलं ते एका पुस्तकानं. आणि ते पुस्तक वाचून दाखवलं मी, त्यामुळे या सगळ्यात माझाही हात आहे.

कुणीतरी मागच्या सीटखाली ते विसरून गेलं होतं. मुखपृष्ठ नाही, पहिली काही पानं नाहीत, त्यामुळे नावही नाही. कुठल्यातरी परदेशी कादंबरीचं भाषांतर असावं. भाऊंनी दोन महिने मालकाची वाट पाहिली, मग स्वतःच अक्षर लावत वाचायला लागले. शिक्षण सातवी, आणि टाइप बारीक. एक दिवस पुस्तक माझ्या वह्यांवर ठेवून म्हणाले, "मॅडम, सीट भरेपर्यंत दोन पानं वाचा ना. पोरांच्या चुका त रोजच्याच आहेत."

गोष्ट साधी होती, आणि इतकी काळी की आजही तिची आठवण मला एकटीला नको वाटते. कुठल्याशा देशात तीन वर्षं बर्फ वितळलेलाच नाही. शेती गेली, गुरं गेली. एका गावातले शेवटचे अकरा जण दक्षिणेकडे चालत निघतात, कारण तिकडे ऊन आहे असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. बस, एवढंच. चालायचं आणि मरायचं. आमच्याकडे बाहेर एप्रिलचं ऊन, गाडीचा पत्रा हात लावू देत नाही, आणि आत आम्ही सगळे अंग चोरून बर्फ ऐकतोय, असा तो प्रकार होता.

चौथ्या-पाचव्या पानावरच त्यातला सुतार मेला. वाटेत गोठलेलं तळं लागतं. वळसा घालायचा तर दोन दिवस जाणार. सुतार म्हणतो, काही नाही होत. मधोमध पोचतो आणि दिसेनासा होतो. बाकीचे दहा काठावर उभे राहून त्या काळ्या भोकाकडे पाहत राहतात. मी थांबले तेव्हा गाडी भरली होती, पण 'चला' असं कुणी म्हणेना. शेवटी याडी म्हणाली, "वळसा घातला असता त काय झालं असतं रे त्याचं?" त्या दिवशी वळणावर भाऊंनी हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की माझ्या गाडीत 'काही नाही होत' हे बोलायचं नाही. "बाकी शिव्या द्या, मले द्या, सरकारले द्या. हे नोको. हे बोलला की माणूस मरते."

पुढं एका संध्याकाळी त्या कादंबरीत म्होरक्या मुक्कामाला माणसं मोजतो तर एक कमी. कोण, ते लगेच कळतं. पण कधीपासून कमी, हे कुणालाच सांगता येत नाही. कदाचित सकाळपासून, कदाचित कालपासून. मागं पाहिलं तर नुसती पांढरी वाट. त्या दिवसापासून भाऊ माणसं मोजायला लागले. निघताना मोजायचे, फाट्यावर थांबलं की पुन्हा मोजायचे, बोट दाखवून, मोठ्यानं. लोक खूप चिडवायचे. 'गिनतीभाऊ' हे नाव तिथून पडलं, आणि त्यांचं खरं नाव लायसनवर उरलं. एकदा लघवीला उतरलेला एक बहिरा म्हातारा मागं राहिला, तो याच मोजणीत सापडला. चार किलोमीटर गाडी उलटी फिरवली तेव्हा सगळे कुरकुरले. म्हातारा अंधारून आलेल्या रस्त्यावर होता तसाच उभा होता, गाडी गेल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

मग ती शिंपीण. तिचं पाऊल थंडीनं काळं पडलेलं असतं, पण आपल्यामुळे सगळे थांबतील या लाजेनं ती सांगत नाही. जोडा काढते तेव्हा फार उशीर झालेला असतो. "लाजेनं मेली," भाऊ म्हणाले. त्यानंतर आठवडाभरात कपाशीवर फवारणी करून आलेला एक तरुण मागं बसला. घाम फुटलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. भाऊंनी आरशात पाहिलं. "काही होऊन राह्यलं का तुले?" तो म्हणाला, "ऊन लागलं भाऊ. काही नाही—" आणि पुढचे शब्द गिळले, कारण नियम सगळ्यांना माहीत होता. भाऊंनी मधले सगळे थांबे सोडले आणि गाडी सरळ दवाखान्याच्या दारात नेली. पोरगा वाचला. घरची कामं खोळंबलेले प्रवासी त्या दिवशी पहिल्यांदा कुरकुरले नाहीत.

मला मात्र त्या पुस्तकाची भीतीच बसली, शहाणपण आलं नाही. घरी गेल्यावर झोपलेल्या सईच्या नाकाशी मी हात धरायची. श्वास लागला की बरं वाटायचं, पुन्हा पाच मिनिटांनी धरायची. भाऊंना हे सांगितलं तर म्हणाले, "धरत जा. त्यात काय लाज?"

अकरांतले आठ मेले आणि तिघं उरले, तिथं त्यांनी वाचन थांबवलं. जेमतेम तीस पानं राहिली होती. मी म्हटलं, "भाऊ, शेवट तर ऐका." ते म्हणाले, "तिघं जित्ते आहेत ना अजून? मंग राहू द्या." दुसऱ्या दिवशी पाहते तर पोती शिवायच्या दाभणानं आणि सुतळीनं त्यांनी ती शेवटची पानं शिवून टाकली होती, चुकून कुणाच्या हातून उघडू नयेत म्हणून.

आता तो दिवस सांगायला हवा. इतकी वर्षं मी तो कुणाला सांगितला नाही.

ऑगस्ट महिना, दुपारचे चार. शाळा सुटता सुटता सासूबाईंचा फोन आला. सईला ताप चढलाय, अंग पोळतंय, डोळे फिरवतेय. मी धावतच भाऊंच्या गाडीत जाऊन बसले आणि त्यांना ते सांगितलं. त्यांनी त्या दिवशी सीट भरायची वाट पाहिली नाही, आठ जणांवरच गाडी काढली. निम्म्या वाटेवर नाला लागतो. त्यावर रपटा आहे, म्हणजे कठडे नसलेला ठेंगणा पूल. वर कुठंतरी पाऊस झाला असावा. रपट्यावरून पाणी चाललं होतं, मातकट, आवाज करणारं. कडा दिसत नव्हत्या.

भाऊंनी गाडी थांबवली, चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"काहून थांबले?" मागून कुणीतरी विचारलं.

"भेव वाटून राह्यलं," भाऊ म्हणाले. "उतरलं पाणी की जाऊ."

"कधी उतरेल?" मी विचारलं.

"ते पाण्याले माहीत, मॅडम."

तेवढ्यात मागून दुसरी काळीपिवळी आली. तिचा तरुण ड्रायव्हर खिडकीतून डोकावून पाण्याकडे पाहून हसला. "गुडघाभर त आहे. बसा, काही नाही होत." एकेक करत सगळे उतरले आणि तिकडे गेले. याडी तेवढी जागची हलली नाही. मीही उतरले. भाऊ माझ्या मागं आले. मी त्या गाडीत बसले तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता.

"मॅडम, तुमीच त वाचून दाखोलं ना मले."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर पाहत म्हणाले, "काही नाही होत, भाऊ."

रपट्याच्या मध्यावर इंजिननं आचका दिला. मग एक क्षण असा आला की चाकं कशाला टेकलेली नव्हती. गाडी तिरपी सरकत होती, सावकाश, कुणी हातानं ढकलावी तशी, आणि दाराच्या फटीतून पाणी माझ्या पायांवर येत होतं. मला सई आठवली नाही, देव आठवला नाही. मला ते काळं भोक दिसलं. मग चाक कशालातरी अडलं, ड्रायव्हरनं रेस दिली आणि आम्ही पलीकडे चढलो. लोक उतरून हसू लागले, ड्रायव्हरच्या पाठीवर थापा मारू लागले. मला दोन बायांनी धरून उतरवलं.

घरी पोचले तेव्हा सई अंथरुणात बसून बिस्किट खात होती. शेजारणीनं दवाखान्यात नेऊन आणलं होतं, ताप उतरला होता. मी चार तास उशिरा आले असते तरी चाललं असतं. मी नाल्यात गेले असते तर मात्र ती आयुष्यभर वाट पाहत राहिली असती. तिला पोटाशी धरून मी रडले. सासूबाईंना वाटलं, तापाच्या काळजीनं रडतेय.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर भाऊंची गाडी होती. पुढची सीट रिकामी होती. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी बसले. त्यांनी विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे."

"बास मंग." गाडी सुरू करून थोड्या वेळानं म्हणाले, "तेरा बसले होते तुमच्या गाडीत. तिकडे तेरा उतरले. म्या काठावरून मोजले, मंगच याडीले तांड्यावर सोडाले गाडी फिरोली." एवढंच. पुन्हा कधी त्यांनी त्या दिवसाचं नाव काढलं नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

स्टँडवर मात्र त्यांचं हसं झालं. गुडघाभर पाण्याला भ्यायलेला ड्रायव्हर म्हणून लोक दुसऱ्या गाडीत बसायला लागले. कितीतरी संध्याकाळी त्यांच्या गाडीत मी, याडी आणि एखादं अनोळखी माणूस, एवढेच असायचो. तरी ते मोजायचेच. पुढं माझी बदली यवतमाळला झाली. निरोप घ्यायला गेले तर म्हणाले, "मॅडम, तिकडे मोठा रस्ता आहे. पण भेव सोडू नोका."

दोन वर्षांपूर्वी ते गेले. साखरेनं आधी डोळे नेले, मग बाकीचं. भेटायला गेले तेव्हा वहिनींनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं ते पुस्तक माझ्या हाती दिलं. सुतळी तशीच होती. मी ती सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. तिघं आत आहेत.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सई आता एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर उमरखेडकडे एकीच्या घरी गेली होती. परत येताना दुपारी तिचा फोन आला. मागं पाण्याचा आवाज होता. तो आवाज मी झोपेतही ओळखते.

"आई, पुलावरून पाणी जातंय. गाडीवाले काका विचारतायत काय करू. सगळ्या म्हणतायत, काही नाही होत."

"उतर."

"आई, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. मला भीती वाटते म्हणून सांग. मोठ्यानं सांग. त्यांनाही उतरा म्हण."

फोन चालूच होता. तिचा आवाज मी ऐकला, भीती वाटते म्हणणारा, आणि त्यावर उठलेलं हसू ऐकलं. मग दार लागल्याचा आवाज आला, गाडी सुरू झाल्याचा आला.

"मी एकटीच उतरले," सई म्हणाली. तिला रडू येत होतं. "त्या गेल्या. पलीकडे उतरून माझी वाट बघतो म्हणाल्या."

"आत किती जण आहेत?"

"काकांना धरून नऊ. आई, गाडी मधे पोचली. आई, पाणी खूप आहे."

माझ्या पायांवर पाणी आलं, यवतमाळला, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. मी ओट्याला धरून उभी राहिले.

"बघत राहा," मी म्हटलं. "नजर काढू नकोस."

बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "चढली. थांबली. दार उघडलं."

"मोज," मी म्हटलं. "उतरतील तशा मोज. मोठ्यानं."

मी फोन कानाशी दाबून धरला, आणि पलीकडून तिचा आवाज यायला लागला. एक. दोन. तीन.