वाघाच्या सोंगाची चाल

लोकवाद्यांच्या चाली मी हौसेनं नोटेशनमध्ये उतरवल्या, ती पानं कालपासून वाद्यांप्रमाणे लावते आहे. सनई झाली, पावरी झाली. संबळाचा गठ्ठा सोडला आणि धुराचा वास आला.

हा वास अकोले तालुक्यातल्या एका अंगणातला. बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, संबळ वाजवणारे किसनमामा जाळावर चामडं शेकत होते. मी कागद उघडून बसले. "मामा, वाघाची चाल वाजवा."

"सोंग कुठंय? सोंग नाचल्याबिगर त्याची चाल न्हाई वाजवत आमी."

पुन्हा एवढा घाट चढून यायला मी तयार नव्हते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बँकेतले, नुसते स्कूटर चालवायला आलेले.

"उठा," मी म्हटलं.

ह्यांनी निमूट बूट काढले, टॉवेलाची शेपटी खोचली आणि हे भर दुपारी, सगळ्या वाडीसमोर वाघ होऊन नाचले. मी लिहीत गेले. मध्येच धाप लागून हे थांबले, तसा संबळही थांबला. चाल मोडली म्हणून मला असा राग आला की त्या जागी मी ठसठशीत फुली मारली.

आता ह्यांचे गुडघे धरलेत. शेजारी बसून पानं जुळवताना ती फुली ह्यांनाच दिसली.

"एवढी माझी चूक काढून टाक," हे म्हणाले.

"चूक नाही ती."

मी फुली खोडली आणि तिथं सुवाच्य अक्षरात लिहिलं : इथं वाघ श्वास घेतो.