जास्तीचा एक हात

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, प्रयोगशाळेत सहायक होते. स्वच्छतेचं इतकं वेड, की कुणाकडे गेले तरी चहाचा कप आधी स्वतः विसळून घेत. ताई म्हणायची, मला रोज घासायला घेत नाहीत हे नशीब.

त्यांचं काम त्यांनीच मला समजावलं होतं. पेशींना एक वेगळी साखर खाऊ घालायची. रोगट पेशी ती हावरटासारखी खातात आणि अंगावर मिरवतात. मग चमकणारा रंग सोडायचा आणि न चिकटलेला धुऊन टाकायचा. तो त्या साखरेलाच चिकटतो, जिवंत पेशीतल्या बाकी कशाकडे ढुंकूनही बघत नाही. पुढे त्याच जागी औषध चिकटवता येईल, असा बेत. ताईच्या पोटात गाठ निघाली, बाकीचे उपाय संपले, आणि आमचं सगळं घर या बेतावर डोळे लावून बसलं. पुढच्या वर्षी पहिल्या रुग्णांत तिला घेऊ, असा शब्द भावोजींच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, दिला होता.

दर वेळी पेशींची एक बशी बिनसाखरेची ठेवतात. ती काळी राहिली तरच बाकीच्यांचा उजेड खरा. भावोजींची ती बशी वर्षभर काळीकुट्ट निघाली. मग एकदा ताईला दवाखान्यात न्यायची घाई होती, म्हणून त्यांनी सगळ्या बशा सारख्याच धुतल्या, आणि बिनसाखरेचीही लख्ख उजळली. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ती बशी कोरी दिसायला हवी, म्हणून सवयीने ते तिला धुताना एक हात जास्त मारत. रंग वाटेल तिथे चिकटत होता, आणि हा शहाणा माणूस वर्षभर तो धुऊन काढत होता.

हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. गप्प बसायचं ना! दुसऱ्याच दिवशी मॅडमना सांगून मोकळे झाले. काम थांबलं, ताईचा नंबरही गेला. मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते म्हणाले, औषधही असंच वाटेल तिथे चिकटलं असतं. खरं होतं ते, म्हणून मला जास्तच संताप आला.

ताईला सांगायला त्यांना चार दिवस लागले. ती उशीला टेकून ऐकत होती. रडली नाही.

"मला आधी विचारायचंत ना," एवढंच म्हणाली.

विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस, हे विचारायची छाती आम्हा दोघांपैकी एकाचीही झाली नाही. पुढे ती दोनच महिने होती.