रियाला मी जात सांगितली

परात माझ्या मुलीच्या पायांपर्यंत आली आणि थांबली.

अष्टमीची सकाळ. गुरुग्राममधली आमची सोसायटी, समोरच्या आंटीचा फ्लॅट. दिल्लीकडे नवरात्रात लहान मुलींना देवी मानून घरी बोलावतात, त्यांचे पाय धुतात, त्यांच्या पाया पडतात, पुरी-हलवा-चणे खाऊ घालतात. कंजक म्हणतात त्याला. हॉलमध्ये सतरंजीवर मुली ओळीने बसल्या होत्या. माझी रिया शेवटी, आंटीच्या नातीच्या, तान्याच्या शेजारी. सात वर्षांची पोर. मोजे काढून हातात धरलेले, पाय पुढे केलेले, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

आंटीने तान्याचे पाय पुसले. परात सरकवली. रियाकडे बघितलं. आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चलो, पूरी ठंडी हो रही है."

कामवालीने परात उचलली. बाकीच्या मुलींपुढे स्टीलच्या थाळ्या आल्या. रियाकडे बोट दाखवून आंटी कामवालीला म्हणाली, "इसका पैक कर दो, घर जाकर खा लेगी."

मी दारातच होते, इतर आयांबरोबर, फोटो काढायला मोबाईल वर धरून. सगळं बघितलं. आणि केलं काय? हसले. "थँक यू आंटी, बहुत अच्छा अरेंजमेंट था," म्हणाले. पॅकेट घेतलं, मुलीचा हात धरला, निघाले. ते वाक्य आठवलं की आजही शरमेने कान तापतात.

झालं होतं एवढंच. पाय धुण्याआधी आंटीने प्रत्येक मुलीला एक प्रार्थना म्हणायला सांगितली. रियाने डोळे मिटून त्रिसरण म्हटलं, 'बुद्धं सरणं गच्छामि' पासून, खणखणीत आवाजात. उन्हाळ्यात माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, त्यांनी शिकवलेलं. आणि त्या शेवटी म्हणतात तसंच हिनेही म्हटलं, "जय भीम!" एरवी बुद्ध आंटीला चालतो. तिच्या चपलांच्या रॅकवर चांगला हातभर उंच बसवलाय, खाली छोटं कारंजं. पण "जय भीम" तिला चाललं नाही.

"ये किसने सिखाया, बेटा?"

"मेरी आजी ने."

"अच्छा."

बस, एवढंच. हे बाहेर म्हणायचं नसतं, असं रियाला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं.

आमच्याकडे ते कधी सांगितलं जात नाही. मी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. कुणी काही विचारलं तर काय म्हणायचं ते आम्हा भावंडांना पाठ होतं, "हम महाराष्ट्रियन हैं." दिल्लीत तेवढ्यावर भागतं. इथल्या लोकांना मराठी आडनावावरून काही कळत नाही. मराठी माणसाला मात्र बरोब्बर कळतं. म्हणून बाबा मराठी मंडळाच्या गणपतीला कधी गेले नाहीत. मराठी बोलायला आसुसलेला माणूस, पण शेजारी मराठी कुटुंब राहायला आलं की आमच्या घरातला आवाज खाली यायचा. आम्ही कोण आहोत हे बाबांनी मला सांगितलं नाही. काय बोलायचं नाही, ते तेवढं सांगितलं. आमच्या जातीचं नाव मी पहिल्यांदा मोठ्याने ऐकलं ते कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, एका मराठी मैत्रिणीच्या तोंडून. शिवी म्हणून.

त्या संध्याकाळी बाथरूममधला नळ बंद होईना. आत जाऊन बघते तर रिया कपड्यांच्या ब्रशने घोटे घासत बसलेली. कातडी लालबुंद.

"मम्मा, मेरे पैर गंदे थे ना?"

"नाही गं बाळा. आंटीची कंबर दुखत होती."

"तान्याचे तर धुतले तिने." मग हळूच म्हणाली, "माझे काळे आहेत म्हणून?"

मी ब्रश काढून घेतला. नळ बंद केला.

नवरा म्हणाला, "छोटी आहे यार. आत्ता कशाला तिच्या डोक्यात भरवतेस? विसरून जाईल." तो वाईट माणूस नाही. त्यालाही लहानपणी असंच गप्प बसवलेलं. पण विसरणार काय, डोंबल? पोरगी स्वतःचं कातडं सोलून काढायला निघाली होती आणि मी तिला कंबरदुखीची गोष्ट सांगत होते. माझी मलाच किळस आली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गॅलरीत तिच्या घोट्यांना खोबरेल तेल लावता लावता मी सांगितलं. अडखळत. की काही लोक जन्मानेच स्वतःला वरचं समजतात आणि आपल्यासारख्यांना खालचं. की त्याला जात म्हणतात. आपल्या जातीचं नाव सांगितलं, आपल्या पणजोबांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते ते सांगितलं, आपण बौद्ध का झालो तेही. तुझे पाय स्वच्छ होते, म्हटलं. तुझा रंग माझ्यासारखा आहे आणि तो चांगला आहे. चूक आंटीची होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"फिर तू वहाँ कुछ बोली क्यों नहीं?"

"घाबरले. लाज वाटली."

"लाज म्हणजे शर्म ना? शर्म तो आंटी को आनी चाहिए थी."

सात वर्षांच्या मुलीला जे एका मिनिटात कळलं, ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी मान खाली घालून तेल लावत राहिले.

मग चैत्रातलं नवरात्र आलं. सकाळी बेल वाजली. दारात आंटी, गोड हसत. "बिटिया को भेज दो ना. एक कन्या कम पड़ रही है." कमी पडली तेव्हा आठवण झाली. रिया सोफ्यावर बसून आमच्याकडे बघत होती. ताप आहे, पेपर आहे, कितीतरी बहाणे जिभेवर तयार होते. आयुष्यभर तेच तर करत आले.

"आंटी, पिछली बार आपने इसके पैर नहीं धोए थे," मी म्हटलं. "क्योंकि इसने जय भीम कहा था. हम दलित हैं. ये नहीं आएगी."

आंटीचं हसू विरलं. रियाकडे डोळ्यांनी खुणावत दबक्या आवाजात म्हणाली, "बच्चों के सामने ऐसी बातें नहीं करते."

"आपने बच्चों के सामने ही किया था."

दार लावलं आणि आतून कडीही घातली. मी शूर वगैरे नाही. नवरा म्हणाला, "आता राहायचं कसं इथे?" त्याचंही खरं आहे. आंटी हल्ली लिफ्टमध्ये मोबाईलमध्ये तोंड खुपसते. तान्याला आमच्याकडे खेळायला पाठवत नाही. परवा रियाने विचारलं, "मी कंजकला का नाही आले ते तान्याला शाळेत सांगू?"

नको म्हणणार होते. कुणाला सांगू नकोस म्हणणार होते. बाबांचाच आवाज घशाशी आला होता.

"सांग," मी म्हटलं. "सगळं सांग."

लाज अजून गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? बाबांनी ती मला दिली. मी ती रियाला देणार नाही. तिला जे कळायचं ते माझ्या तोंडून कळेल, जातीचं नाव घेऊन, दिवसाढवळ्या. आणि ज्यांना हे मुलांसमोर बोललेलं सोसत नाही, त्यांनी ते मुलांसमोर करू नये.